सिस्टरचा अर्धा तास

एका कादंबरीकार बाईंच्या हस्तलिखितात मी माझा स्वतःचा सूर्योदय घुसडला. सव्वा पान. न विचारता.

वणीत माझं टायपिंगचं दुकान आहे. बाई झरी जामणीकडच्या एका उपकेंद्रात नर्स. सगळे सिस्टर म्हणत, मीही. तांड्यात वाढलेल्या, तोंडाच्या फटकळ. हस्तलिखित काउंटरवर ठेवलं की चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि बजावायच्या, "भाऊ, जसं हाय तसं."

पहिल्या कादंबरीतली त्यांची नायिका साधी रडत नसे. तिच्या नयनकमलांतून मौक्तिकं ओघळत. टाइप करताना मी गहिवरलो होतो, यावरून माझी समज तुमच्या लक्षात आलीच असेल. दुसरीत कमळं कमी झाली आणि उपदेश वाढला. प्रकाशकानं दोन्ही परत पाठवल्या.

"तिसरी परत आली, त लिहनं बंद," सिस्टर म्हणाल्या. हसत नव्हत्या.

या तिसरीसाठी त्यांनी आपली रीत काढली. लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास केंद्रातच थांबवावं लागतं. त्या अर्ध्या तासात सिस्टर आयांना पानं वाचून दाखवत. कोणी उठून दाराकडे गेली, शेजारणीशी बोलायला लागली, की तिथंच लाल पेनाची रेघ. किरकिरं पोर मांडीवर असलेली बाई लांबलचक वाक्याला थांबत नाही. वाक्यं आखूड झाली. कमळं गेली, उपदेश गेला. उरली सासरहून निघालेली एक पोरगी आणि तिच्यापुढचा रस्ता.

मला ते फारच उघडंबोडकं वाटलं. म्हणून तो सूर्योदय.

प्रिंट घेताना सिस्टर म्हणाल्या, "प्रकाशकाकडं धाडायच्या आधी शेवटची पानं एकदा वाचतो बायांसमोर. चला, तुमीही ऐका." मी खुशीत गेलो. माझं पान आलं. दुसऱ्याच ओळीला सिस्टर अडखळल्या, पण वाचत राहिल्या. दोघी उठून बाहेर गेल्या. नातवाला घेऊन बसलेली एक म्हातारी वैतागली, "सिस्टर, सूर्य त आमाले रोजच दिसते. थे पोरगी कुठं गेली थे सांगा ना!"

सिस्टरनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उठल्या का नाई, भाऊ?"

सव्वा पानावर लाल रेघ ओढून त्या पुढे वाचू लागल्या. अर्धा तास संपला. तासही संपला. कोणी हललं नाही. बाहेर गेलेल्या दोघी दारात उभ्या राहून ऐकू लागल्या. पोरगी मुक्कामाला पोचली तशी म्हातारीनं जमिनीवर थाप मारली, "पोचली वो माय!" आणि अख्खी खोली हसली. सिस्टर डोळे पुसत होत्या. मौक्तिकं नव्हती, साधं पाणी होतं.

कादंबरी गेली ती छापूनच आली. वणीतल्या सत्कारात सिस्टर एवढंच बोलल्या, "हे पुस्तक लेकरायच्या मायांनी लिव्हलं. मी त फक्त रेघा मारल्या." सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. सर्वांत जोरात मी.

आता त्या निवृत्त होऊन राळेगावला लेकीकडे गेल्या. चौथी लिहून राह्यल्या म्हणे. मला निरोप नाही.

परवा पाहतो तर माझी बायको, जी कधी पुस्तक हातात धरत नाही, ती तिसरी घेऊन बसलेली. चहा नाही, काही नाही. मी ऐटीत म्हणालो, "टाइप मीच केली हो ती."

"असन," ती मान वर न करता म्हणाली. "पन तुमचं काईच नाई याच्यात, म्हनून त वाचून राह्यली."