दस्तगीरनं भरलेलं पाणी

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी केमिस्ट्री शिकलेला माणूस... बाटलीत दिसेल तेवढंच खरं मानणारा. पण ही गोष्ट बाटलीतच घडली, म्हणून लिहितोय.

कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं, प्लेग ओसरून काही वर्षं झाली होती. कसबा बावड्याच्या रस्त्याला एका व्यापाऱ्याच्या लॅबोरेटरीत मी नोकरीला होतो. मालकांना कोकणात मिठागर घालायचं होतं. म्हणून दर पंधरवड्याला विजयदुर्गच्या खाडीचं पाणी तपासायचं. ते आणायचा दस्तगीर. गगनबावड्याचा घाट उतरून जायचा, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून थर्मामीटर बघायचा, बाटल्या भरून लाखेनं सील करायचा. मी त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, की पाणी दुधासारखं फाटायचं. म्हणजे मीठ आहे!

त्या पावसाळ्यात त्याची सात वर्षांची मुलगी पटकीनं गेली. चाळिसावा करून तो कामावर आला. त्यानंतर त्यानं आणलेल्या पाण्यात थेंब टाकले — काहीच नाही. पाणी नितळ. पुढच्या खेपेलाही तेच.

मालक भडकले. "वढ्याचं पाणी भरून आणतोय त्यो! काढा त्याला."

"एक डाव मी संगं जातो," मी म्हणालो.

गेलो. खाडीत दोघं शेजारी उभे राहिलो. एक बाटली मी भरली, एक त्यानं. दोन्हीतलं पाणी जिभेला लावून बघितलं — खारट! सील मी स्वतः केलं. परत येताना गाडीत दोन्ही बाटल्या माझ्या मांडीवर होत्या. घाट चढताना दस्तगीर एवढंच बोलला, "पोरगी पानी पानी करत हुती, अण्णा. वैद्य म्हनलं, पटकीत पानी देऊ नगा. न्हाय दिलं म्या."

मी मांडीवरच्या बाटल्या सावरल्या.

लॅबोरेटरीत मालकांसमोर सील फोडलं. माझ्या बाटलीतलं पाणी फाटलं. दस्तगीरच्या बाटलीतलं नितळच. मी घोट घेतला... विहिरीच्या पाण्यासारखं गोड.

"वाटंत झोपला असशीला," मालक म्हणाले. "बदलली त्यानं बाटली. लिवा रिपोर्ट."

मी झोपलो नव्हतो. पण घरी चार तोंडं होती, आणि गोड झालेल्या समुद्रावर कोण विश्वास ठेवणार? मी लिहिलं — 'नमुना आणणाऱ्याची लबाडी.' खाली सही केली.

दस्तगीर पायरीवर बसला होता. "काय लिवलं, अण्णा?"

मी सांगितलं. तो भांडला नाही. "तुमी तर संगं हुता की..." एवढंच म्हणाला आणि उठून गेला.

तो मुरगूडला हमाली करतो, असं पुढं कानावर आलं. मी गेलो नाही. मग तो वारल्याचंही कळलं. तेव्हाही गेलो नाही.

त्याच्या जागी आलेल्या माणसानं आणलेलं पाणी दर खेपेला खारटच निघालं. मिठागर काही झालं नाही. त्या बाटलीत काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. दस्तगीर लबाड नव्हता, एवढं मात्र मला त्या दिवशीही माहीत होतं.