गव्हाणीची वाटणी

आम्ही शिरूरचे ख्रिस्ती. वाटणी कशी करावी हे शेजारच्या बागायतदारांकडून शिकलो, आणि त्यांच्यापेक्षा काकणभर जास्तच शिकलो. वडील गेल्यावर मी आणि दौंडला रेल्वेत असलेला थोरला भाऊ, दोघांनी भांडीकुंडी वाटली आणि शेवटी नाताळची ट्रंक उघडून गव्हाणही वाटली. म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातल्या मातीच्या मूर्ती. तीन राजांपैकी दोन त्याला, कारण तो थोरला. मरिया त्याला, योसेफ मला. बैलजोडीतला एकेक. आईची सोय तर त्याआधीच तशी लावली होती: सहा महिने दौंड, सहा महिने शिरूर.

मूर्ती वडिलांनी मांडवगणच्या कुंभाराकडून करून घेतल्या होत्या. त्या बिचाऱ्यानं जन्मात नाताळ पाहिला नव्हता. बैल पोळ्याचेच दिले, वशिंडासकट. राजांना फेटे बांधले. तिघं साखर कारखान्याच्या संचालकांसारखे दिसायचे. आणि बाळ येशू म्हणून रांगता बाळकृष्ण दिला, फक्त हातातला लोण्याचा गोळा काढून. त्यामुळे आमचं बाळ गव्हाणीत कधी निजलंच नाही. एक हात पुढे करून कायम बाहेर निघालेलं. वडील म्हणायचे, असू दे, हुशार हाय.

वाटणीत बाळाची पाळी आली आणि बघतो तर ट्रंकेत बाळच नाही! मी म्हणालो, दादानं ढापलं. दादा म्हणाला, चोराच्या उलट्या बोंबा. पुढच्याच रविवारी चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत, मी त्याला चोर म्हणालो. तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं बंद. आईला तो दौंडला एसटीत बसवून द्यायचा, मी शिरूरला उतरवून घ्यायचो. गव्हाण माळ्यावर गेली आणि खिडकीत प्लास्टिकचा लुकलुकणारा स्टार आला. खोटं कशाला बोलू, तो स्टार लावताना दरवर्षी नजर माळ्याकडे जायची. पण माघार घेईन तो मी कसला!

यंदा डिसेंबरात मुलीनं माळा आवरताना ट्रंक खाली काढली. एकटा राजा, एकटा बैल, नाक गेलेला योसेफ आणि चुरगळलेल्या चमकीच्या माळा. सगळं जमिनीवर मांडून तिनं विचारलं, "पप्पा, बाळ कुठंय?"

"काकाला विचार तुझ्या. रांगत दौंडला गेलं."

आई तिथंच करंज्या भरत बसली होती. मुलगी तिच्याकडे वळली. "आज्जी, तुला माहितीये?"

"व्हय की," आई म्हणाली. हात पुसून उठली, दौंड-शिरूर करणारी तिची पिशवी उघडली आणि लुगड्याच्या घडीतून बाळ काढून योसेफासमोर ठेवलं. हात तसाच पुढे.

"आई! अकरा वर्षं! बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं एकमेकालाच इचारीत व्हता. मला कवा इचारलं? माझी वाटणी केली तवा तरी इचारलं व्हतं का? म्हणलं, बाळ तरी वाटू द्यायचं न्हाई. मी जाईन तिथं ते येईल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन उचलून दादाला लावला. नंबर अजून पाठ होता.

"दादा, बाळ सापडलं."

"कुणापाशी?"

"आईपाशी. मी तुला चोर म्हणालो. चुकलो रे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मी बी तुला कमी बोललो न्हाई. उद्या येतो. राजे आणतो, मरिया आणतो. पण माझा बैल उजवीकडं उभा ऱ्हाईल, आधीच सांगतो."

"उजवीकडं माझा. वडील तसंच मांडायचे."

"वडील मांडायचे तवा तू पाळण्यात व्हतास!"

"अरे वा रे वा! आणि तू काय..."

आईनं जमिनीवरचं बाळ उचललं, लुगड्यात गुंडाळलं आणि पुन्हा पिशवीत घातलं.

"अगं आई, येतोय तो उद्या!"

"येऊ दे की," ती करंजीला मुरड घालत म्हणाली. "आधी बैल ठरवा."