सह्यांच्या वर माझं इंग्रजी

तुमचे आजोबा गेल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा सई, तू विचारलंस, "आजी, आता तू बोलणार कोणाशी?" खरं सांगू? ते असतानाही काही वर्षं हा प्रश्न मला पडलेला होता... आणि त्याला कारण मीच होते.

ती कपाशीची वाईट वर्षं. आजोबा यवतमाळला कृषी अधिकारी होते. एका परदेशी कंपनीला आपलं बियाणं इथे विकायची परवानगी हवी होती. आजोबांचं म्हणणं, आमच्या कोरडवाहू जमिनीत ते आधी दोन हंगाम पाहावं. संध्याकाळच्या चहाला ते मला कार्यालयातलं सगळं सांगत. कंपनीचा माणूस त्यांच्याकडे गेलाच नाही. एका दुपारी माझ्याकडे आला. "मॅडम, कास्तकारांची पत्रं दिल्लीला पाठवायची आहेत. तुमच्यासारखं इंग्रजी जिल्ह्यात कोणाचं आहे?" मी हुरळले. पत्रं नीट लावली, भाषांतर केलं. मजकूर जवळजवळ एकच, हे बियाणं आम्हाला लवकर द्या; खाली सह्या-अंगठे वेगळे. मागणीच एक असेल, असं मी धरून चालले. आजोबांना सांगितलं नाही.

दोन हंगाम थांबा, असं आजोबांनी पाठवलेलं टिपण दिल्लीहून परत आलं, वर शेरा : शेतकरीच मागत असताना उशीर नको. सोबत पत्रांच्या प्रती. त्या माझ्यापुढे धरून आजोबांनी विचारलं,

"हे तुह्यं इंग्रजी हाय न?"

"हो."

"मंत्री मोठ्या माणसाचं ऐकते, तिथं हे कंपनीवाले मोठा माणूस धाडतेत. दिल्लीले कास्तकाराचं ऐकाचं हाय, तं कास्तकाराच्या नावानं लिहितेत. कोणाच्या तोंडून बोलाचं, हे आधी ठरवतेत." मग प्रती बाजूला ठेवून म्हणाले, "माह्या घरातलं तोंड निवडतीन, असं नव्हतं वाटलं मले."

चहा सुरू राहिला. कार्यालयाचं बोलणं थांबलं. मी माफी मागितली. "जाऊ दे" म्हणाले, पण ते गेलं नाही. निवृत्तीनंतर ते व्हरांड्यात लोकांचे अर्ज लिहून देत, मी आत असे.

गेल्या आठवड्यात आर्णीकडची एक बाई आली. साहेब गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. ऐकून व्हरांड्यातच टेकली. मग म्हणाली, "आता तुमीच लिहा न, आजी." कपाशीचं बियाणं उगवलं नाही, त्याचा अर्ज. मी लिहिला, सहीसाठी पेन पुढे केला.

"अवो, वाचून तं दाखवा! साहेब वाचल्याबिगर सही घेत नव्हते."

मी वाचू लागले, "सदर बियाण्याची उगवण समाधानकारक नसून..."

"असं मी कवा म्हटलं? मी म्हटलं, सरकी मातीतच सडली."

मी ती ओळ खोडली. "पुन्हा सांग," म्हटलं, आणि ती सांगेल तसं लिहीत गेले.