तुळसाआजीचे फुटाणे

तुळसाआजीची नजर म्हणजे काय सांगावं! पोलादपूरच्या डोंगरात त्यांची वाडी अशी उंचावर, की खाली फाट्यावर एसटीतून माणूस उतरला तर ठिपक्याएवढा दिसावा. पण आजी अंगणातूनच नुसत्या चालीवरून ओळखायची. "चांगू येतोय, नि चिडलेला हाय," ती म्हणाली की सून शर्मिला त्याच्या चहात साखर वाढवायची. शेजारचा चांगू वर पोचेपर्यंत चहा तयार आणि चढाने राग निम्मा उतरलेला.

अशा आजीचं डोकं यंदा ठणकू लागलं. उजवं कानशील इतकं हुळहुळं झालं, की डोक्यावर चुंबळ ठेववेना, फणी फिरवली तरी डोळ्यांत पाणी. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन शेकून झालं, चष्म्याचा नंबर बदलून झाला. भाकरी चावताना जबडा दुखतो म्हणाली, तर शर्मिलाने त्या दिवसापासून भाकरी ताकात कुस्करून द्यायला घेतली. सून गुणाची! जबडा दुखायचा थांबला आणि आजी ते विसरूनही गेली.

मग एका सकाळी वाटेकडे बघता बघता उजव्या डोळ्यापुढे गोणपाट सोडल्यासारखा अंधार झाला. थोड्या वेळाने उजाडलं, पण आजी हबकली. डोकं दुखलं तर दुखलं; वाटच दिसेनाशी झाली तर उरलं काय? तिने शर्मिलाला सांगितलं, शर्मिलाने बिरवाडीत राहणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. सुहासने कंपनीतली पाळी बदलून घेतली आणि त्याच दिवशी आईला महाडला डॉक्टर श्रुतिकांकडे नेलं.

बाईंनी कानशील चाचपलं. शीर दोरीसारखी टणक, आणि ठोका लागेना.

"आजी, चावताना जबडा दुखतो का?"

"नाय गो." आजीने खरं तेच सांगितलं.

बाई अडखळल्या. मग जेवता काय, विचारलं, तेव्हा आजीने सुनेचं कौतुक सुरू केलं: भाकरी अशी मऊ, की दात हलवायला नकोत. बाई हसल्या आणि त्यांनी सुहासला फुटाणे आणायला पिटाळलं. अर्धी मूठ संपायच्या आतच आजीचा हात गालावर गेला. चावणं थांबलं की दुखणंही थांबत होतं.

डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांना सूज आलीय, बाईंनी समजावलं. जबड्याला रक्त पुरत नाही म्हणून तो दमतो. उद्या डोळ्याचं रक्त बंद झालं, तर गेलेली नजर परत येत नाही. रक्त तपासायला घेतलं, शिरेचा बारीक तुकडा मुंबईला पाठवायचं ठरलं, पण गोळ्या त्याच दिवशी सुरू.

"रिपोर्ट आल्यावर देऊ की," सुहास म्हणाला.

"रिपोर्ट थांबेल. डोळा थांबणार नाही."

थोड्याच दिवसांत डोक्याचा ठणका उतरला. रिपोर्टही बाई म्हणाल्या तसाच आला. गोळ्या मात्र बऱ्याच महिन्यांच्या, मनाने बंद करायच्या नाहीत आणि त्यांनी रक्तातली साखर वाढते म्हणून ती तपासत राहायचं. शर्मिला हिरमुसली, तर आजी म्हणाली, "तुझ्या मायेनं डॉक्टरीणबाई फसत होती गो. आता कडक भाकरी दे."

परवा त्याच कडक भाकरीचा पापुद्रा कुरकुर चावत आजी अंगणात बसली होती, डोळे वाटेवर.

"सुहास येतोय. पिशवीत हात घालून खात चढतोय मेला. हाक मार गो, वर येईस्तो माझे फुटाणे संपवील."