हरलेल्याच्या हाती टोल

तायडे सरांची माझी पहिली ओळख खळीमुळे झाली. बॉक्सिंगवाल्या माणसाच्या साठीच्या पुस्तकात खळीचं काय काम, असं वाचणाऱ्यांना वाटेल. पण मी चौथी शिकलेली बाई. मला जसं आठवतं तसंच सांगता येतं.

माझी नात पल्लवी तेव्हा अकोल्यात सरांकडे बॉक्सिंग शिकायला नवीनच जाऊ लागली होती. मुठीला गुंडाळायच्या लांब सुती पट्ट्या तिनं धुवायला टाकल्या. आमच्या घरी सुती कापड धुतलं की खळ द्यायचीच. यजमान होते तेव्हा त्यांच्या धोतराला द्यायची, तशी मी पट्ट्यांनाही दिली, वरून कडक इस्त्री फिरवली. दुसऱ्या दिवशी पोरीची मूठच मिटेना! रडत घरी आली. मी माफी मागायला मैदानावर गेले. मनात म्हटलं, ठोसे मारणारा माणूस, आता आपली खैर नाही. पाहते तर सर कडुलिंबाखाली बसून तीच पट्टी हातानं चोळून मऊ करत होते.

"माय, खळ लय मस्त लावली तुमी," सर म्हणाले. "धोतर असतं तर बक्षीस देलं असतं."

"काय करू बाप्पा, मले काय माहीत?"

"आता माहीत झालं ना? मंग गुरुवारी येत जा. या पोरींच्या पट्ट्यांचे लय गुंते होतात, गुंडाळून देत जा."

तेव्हापासून मी गुरुवार चुकवला नाही. पोरी मला पट्टीवाली आजी म्हणतात. यजमान असते तर म्हणाले असते, या वयात कुठं भरती झालीस! असो. चुकलेल्या माणसाला सर घरी पाठवत नाहीत, कामाला लावतात, एवढं मला सांगायचं होतं.

त्यांच्याकडची एक रीत बाहेरच्यांना कळत नाही. त्या कडुलिंबाला शाळेतला जुना पितळी टोल टांगला आहे. तो वाजल्याशिवाय सराव सुरू होत नाही, आणि तो वाजवायचा आदल्या दिवशी जी हरली तिनं. जिंकलेलीनं हातही लावायचा नाही.

पल्लवी अमरावतीला विभागाच्या सामन्यात पहिल्याच फेरीत हरली. डोळा सुजून बोरासारखा झालेला. सकाळी पांघरूण काही सोडेना. "आजी, मी नाई जात. संपलं माझं बॉक्सिंग." सात वाजता सरांचा फोन आला.

"माय, टोल पल्लवीकडे आहे."

"आजच्या दिवस दुसरीले वाजवू द्या ना, सर."

"नाई जमत. आमी उभे आहोत, वाट पाहून राहिलो."

पोरीला ऑटोत घालून नेलं, तोवर पाऊण तास गेला होता. सगळ्या पोरी रांगेत उभ्या, आणि सरही त्यांच्यासोबत उभे. उशीर कावून झाला, असं कोणी विचारलं नाही. पल्लवीनं मान खाली घालून टोल हाणला आणि सराव सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला ती हसत होती.

मी सरांना विचारलं, ही रीत कुठून आणली? ते म्हणाले, "माय, मी फायनल हरलो तवा लाजेनं आठ दिवस घराबाहेर निघालो नाई. नवव्या दिवशी सरावाले गेलो, तं कोणी माझी वाटच पाहत नव्हतं. मी नसलो तरी सारं चालूच होतं. मंग ठरवलं, आपल्या इथं हरलेल्यावाचून काही चालू द्याचं नाई."

आता या पुस्तकाची गोष्ट. पुस्तक काढणाऱ्या समितीची बैठक अकोल्यातच, जठारपेठेत, समितीतल्या काळे मास्तरांच्या घरी होती. मी चिवडा घेऊन गेले होते. पुस्तकावर 'लिजंड तायडे सर' असं छापायचं ठरत होतं. तेवढ्यात अमरावतीहून आलेले गुलाबराव म्हणाले, "थांबा." सरांना त्या फायनलमध्ये हरवणारे ते हेच.

"त्यांले मी हरवलं. ते लिजंड, तं मंग मी कोण?"

सगळे हसले. गुलाबराव हसले नाहीत. "चेष्टा नाई करून राहिलो. तायडेंचा मले आदर आहे. पण देशाचं मेडल ना त्यांनी आणलं, ना त्यांच्या पोरींनी. एवढा मोठा शब्द लावला, अन् लोक हसले, तं कोणाले हसतील? त्यांलेच."

बोलणं खोटं नव्हतं. मास्तरांनी कागदावरचा तो शब्द खोडायला पेन उचललं. मला वाटलं, साठ वर्षांत या माणसाला एक मोठा शब्द मिळत होता, तोही जाणार!

"मास्तर, लिजंड म्हंजे काय हो?" मी विचारलं.

मास्तर म्हणाले, "ज्याला कधी पाहिलं नाही असे लोकसुद्धा ज्याची गोष्ट सांगतात, तो."

मग मी सांगितलं. पल्लवी आता मोर्शीजवळच्या एका शाळेत खेळाची बाई आहे. सुट्टीआधी मी तिच्याकडे गेले, तर शाळेत टोल टांगलेला. खो-खोत हरलेली एवढीशी पोर मला म्हणते, "आजी, आज टोल माह्याकडे आहे. तायडे सरांचा नियम आहे." मी म्हटलं, कोण गं तायडे सर? तर म्हणे, "अकोल्याचे. ते हरले तवा आठ दिवस त्यांची कोणीच वाट पाह्यली नव्हती." त्या पोरीनं सरांना पाहिलेलंसुद्धा नाही.

गुलाबराव चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "आठ दिवस? मले हे ठाऊकच नव्हतं. मी तं हार घालून मिरवत होतो." आणि मास्तरांकडे वळले. "छापा, मास्तर."

"मंग तुमी हरले म्हणायचं, भाऊ," मी म्हटलं.

"हरलो. सकाळी टोल किती वाजता असते?"

ते अकोल्यातच मुक्कामाला थांबले. सकाळी मैदानावर येऊन त्यांनी असा टोल हाणला, की हातोडीचा दांडाच ढिला झाला. सर धावत आले.

"गुलाबराव? तुमी कोणाकडून हरले?"

"या मायकडून!"

"कशात?"

आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

सर, आता पुस्तक तुमच्या हातात आहे, म्हणजे कळलंच असेल. मला माहीत आहे, तुम्ही वाद घालाल, हा शब्द मले नको म्हणाल. घाला खुशाल. आमच्याकडे मोर्शीची पोर आहे, तुम्ही हराल. मग दुसऱ्या दिवशी टोल तुमच्याकडे. असेच दर साली वाद घाला, दर साली हरा, शंभरी गाठेपर्यंत धडधाकट हातानं टोल वाजवा. उशीर झाला तरी चालेल. आम्ही रांगेत उभे आहोत, तुमची वाट पाहून राहिलो.