भिंग, यंत्र आणि पिंपळपान

देवरीकडच्या आमच्या गावात वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासूनचे तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात बुद्धांच्या चरित्राचा ग्रंथ दरवर्षी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला जातो आणि वाचायचा मान माझ्या बाबांचा. डोळ्यांचा पडदा मधोमध खराब झाला तरी त्यांनी तो सोडला नव्हता. डाव्या हातात भिंग, उजव्या हाताचं बोट ओळीवर आणि आवाज खणखणीत.

मला मात्र त्या भिंगाचा भारी राग. एका वेळी दोन-तीन अक्षरं दाखवणार, तीही हात जरा हलला की पुसट. वीज लागत नाही, एवढीच काय ती त्याची बढाई. त्या उन्हाळ्यात माय गेली आणि बाबा खचले. निदान वाचन तरी सुटू नये, म्हणून मी गोंदियाच्या नोकरीतून सुट्टी काढून नागपूरहून यंत्र आणलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. साबणाच्या वडीएवढं यंत्र, वायर टीव्हीला जोडायची, पानावरून फिरवलं की काचेवर वीतभर अक्षरं. काळ्यावर पांढरी हवी असली तर तशीही.

"दिसते का बाबा?"

"दिसते ना!"

मी खूश.

आषाढी पौर्णिमेला टीव्ही उचलून विहारात नेला. टीव्ही म्हटलं की सगळ्यांना दिसेल असाच ठेवायचा ही गावाची सवय, तसाच ठेवला. बाबांनी ग्रंथ उघडला, आत खुणेला असलेलं वाळकं पिंपळपान बाजूला केलं, यंत्र टेकवलं आणि सुरुवात केली. सिद्धार्थाचा जन्म. तोच ओघ, तोच आवाज.

टीव्हीवर मात्र महापरिनिर्वाण होतं.

आधी वाटलं, यंत्रच बिघडलं. मग लक्षात आलं. बाबा वाचत नव्हतेच, पाठ म्हणत होते. पुढे बसलेली शेजारची म्हातारी, प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेली, मोठ्यानं म्हणाली, "भाऊ, हे तं शेवटचं होय ना जी! तुम्ही जलम कायले सांगून राहिले?"

बाबांचा हात थांबला. म्हातारीलाच कसंतरी झालं असावं. "बरं, सांगा जी. थांबले काऊन?" ती म्हणाली. पण बाबांनी ग्रंथ मिटला.

मी वायर उपटली. घरी आलो. अंगणात शेवटी विचारलं, "बाबा, केव्हापासून दिसून नाही राहिलं?"

"लय वर्षं झाली."

"मंग भिंग कायले धरत होते?"

"लोकायले वाटलं पाहिजे ना, वाचून राहिला म्हणून."

मी थक्क. इतकी वर्षं मीही त्या लोकांतच बसत होतो. "पण पान कधी चुकलं नाही तुमचं!"

"रोज दुपारी तुझी माय वाचून दाखवे, अन् पिंपळपान लावून ठेवे. मी तेच उघडत जाऊ." बाबा खाली बघत म्हणाले, "आजबी तिनं मागच्या साली लावलं तिथंच उघडलं."