पडल्यावर आधी जर्सी

छावणीच्या पलीकडच्या मातीच्या ट्रॅकवर मी बाईक शिकायला लागले, तेव्हा पडायची भीती नव्हती, लाज होती. पडले की हात आधी मागं जायचा, जर्सी खाली ओढायला. बाईक तिकडं आडवी, इंजिन चालूच. शिकवणारी ताई ओरडायची, "आधी इंजिन बंद कर. कपडे कोण बघतंय इथं?" मी मान हलवायचे आणि पुढच्या वेळी तेच करायचे. उठताबसता कुर्ता नीट करायची सवय आईनंच लावलेली.

मुलींच्या शर्यतीला आई कन्नडहून एसटीनं आली. शेवटच्या वळणावर माझी बाईक घसरली. मी उठले, आणि बाईक उचलायची सोडून दोन्ही हातांनी जर्सी खाली ओढत बसले. मागच्या दोघी पुढं निघून गेल्या. लोक हसले. मला त्यांचा राग आला नाही, माझ्या हातांचा आला. अजून आठवलं की कान तापतात.

आईसमोर मला मान वर करवेना. ती माझ्या पाठीवरची माती झटकत म्हणाली, "एवढी जाड पँट व्हती की अंगात. काय दिसणार व्हतं गं?"

आणि बोलता बोलता तिनंच माझी जर्सी मागून खाली ओढली.